नोंद न केलेला बदल

जयराम परुळेकरला नियमांची भारी हौस. वसईत विद्यापीठाचं दूरशिक्षणाचं केंद्र होतं, तिथे तो कंत्राटी कारकून होता. दोन हजार दोन साली विद्यापीठाने प्रत्येक केंद्राला आपल्या वेबसाइटवर एक पान दिलं, आणि ते सांभाळायचं काम जयरामच्या गळ्यात पडलं. सोबत चौदा कलमांचं इंग्रजी परिपत्रक आलं. दुसऱ्या कुणी ते टाचणी लावून फाईलला टाकलं असतं. जयरामने नालासोपाऱ्याच्या आपल्या घरी बसून ते मराठीत उतरवलं, लॅमिनेट केलं आणि कॉम्प्युटरच्या वर भिंतीला ठोकलं. मजकूर लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. तपासणाऱ्याच्या सहीशिवाय काही चढवायचं नाही. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो लावायचा नाही. सातव्या कलमाखाली तर त्याने लाल रेघ मारली होती: एकदा चढवलेल्या मजकुरात बदल केला, तर तो रजिस्टरात लिहायचा आणि पानावरही दाखवायचा.

या सातव्या कलमाचं मर्म तो चहा द्यायला येणाऱ्यालासुद्धा समजावून सांगे. कागदावर खाडाखोड केली तर ती दिसते, म्हणायचा, इथे काहीच दिसत नाही, म्हणून इथे माणसानेच सरळ राहायला हवं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, हे त्याला तेव्हा कुणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. पण ऐकवणार कोण? केंद्रप्रमुख मीरा मॅडमचा त्याच्यावर इतका विश्वास की तो पुढे करील त्या कागदावर त्या चष्मा न लावताच सही करायच्या.

चूक झाली ती दोन हजार चारच्या फेब्रुवारीत, आणि झाली ती अगदी साध्या आळसातून. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे परीक्षेचे फॉर्म भरायची सूचना चढवायची होती. नवीन टाइप कोण करणार म्हणून जयरामने गेल्या वर्षीचं पान उचललं, साल बदललं आणि तारीख बदलायची विसरला. विद्यापीठाची शेवटची तारीख होती बारा मार्च. पानावर राहिली बावीस, आणि मॅडमनी नेहमीसारखी न वाचताच सही केली.

हे त्याच्या ध्यानात आलं पंधरा मार्चला, मुदत संपून तीन दिवस झाल्यावर. दुपारची वेळ, ऑफिसात कुणी नव्हतं. त्याने पान उघडलं, बावीसचे बारा केले आणि बंद केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग रजिस्टर पुढे ओढलं, पेनही उघडलं. पण नोंद केली की मॅडमची सही घ्यावी लागणार, आणि त्याला कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात मॅडमच्या टेबलावर होता. त्याने पेनाला टोपण लावलं. आपल्याकडे वेबसाइट बघतंय कोण, सगळे येऊन बाहेरचा नोटीस बोर्डच वाचतात आणि त्यावर बाराच आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

बघणारी एक निघाली. एकोणीस तारखेला पाचूबंदरची सालोमी फॉर्म घेऊन आली, सोबत तिचे वडील बॅप्टिस्ट. स्वतःच्या लहानशा होडीवर मासेमारी करणारा माणूस. घरात इतकं शिकलेली सालोमी पहिलीच. सकाळी आईबरोबर ती बाजारात मासे विकायला बसे, म्हणून सारखं केंद्रावर येणं जमायचं नाही. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन तिने तारीख पाहिली होती. फॉर्म सुवाच्य अक्षरात भरलेला, फोटो नीट चिकटवलेला, एक रकाना मोकळा नाही.

मीरा मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, मुदत संपली आहे, पण चूक केंद्राची असेल तर मी आत्ता पत्र देते, विद्यापीठ फॉर्म घेईल. त्यांनी पान उघडलं आणि स्क्रीन बापलेकीकडे वळवला. बॅप्टिस्टला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळायचे. तिथे बारा होते.

"त्या दिवशी बावीस होते," सालोमी म्हणाली. "मी वहीत लिहून घेतलं."

मॅडमनी जयरामकडे पाहिलं. "या पानात काही बदल केला होता का?"

"नाही मॅडम," जयराम म्हणाला.

मॅडमनी रजिस्टर मागवलं. मार्च महिन्यात एकही नोंद नव्हती. नोंद नाही म्हणजे बदल नाही, हा नियम तर भिंतीवरच होता, जयरामच्याच अक्षरात. पोरगी खोटी ठरली. बॅप्टिस्टने तिच्याकडे असं पाहिलं की जयरामने मान खाली घातली. त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने तिला पाण्याचा ग्लास दिला. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "माझंच चुकलं असेल, सर."

उद्या सांगू, असं जयराम रोज म्हणत राहिला. तोवर मुदतीत आलेले फॉर्म विद्यापीठाकडे गेले आणि सांगून उपयोग व्हायची वेळही गेली. जूनमध्ये तो कायम झाला आणि बायकोने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. त्याने एक पेढा तोंडात धरला आणि मोरीत जाऊन थुंकला. पुढच्या वर्षीच्या याद्यांत त्याने सालोमीचं नाव शोधलं, त्याच्या पुढच्या वर्षीही शोधलं. ते कुठेच नव्हतं. तो मात्र कामात काटेकोर झाला, इतका की एकेक तारीख तीनतीनदा वाचून दाखवायला लावायचा आणि लोक त्याला हसायचे. आपण तिचं वर्ष खाल्लं, हे त्याला जेवताना आठवायचं, आंघोळ करताना आठवायचं. मनच खाई त्याला कोण काय देई.

दोन हजार नऊच्या जानेवारीत विद्यापीठाने सगळ्या केंद्रांच्या कारकुनांपुढे त्याला बोलायला उभं केलं. वसईचं रजिस्टर बघा, असं कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे म्हणाले, इतक्या वर्षांत एक बदल नोंदीशिवाय नाही. टाळ्या पडल्या. जयरामने आपलं बोलणं दोन वाक्यांत आटपलं. दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमपुढे रजिस्टर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा लावला आणि दोन हजार चारच्या मार्चचं पान काढून पाहिलं. मग म्हणाल्या, तुमच्यावर काय व्हायचं ते होईल, ते मी वर कळवते. पण एकदा केलेली नोंदणी आठ वर्षं चालते, म्हणजे या मार्चच्या परीक्षेला ती अजून बसू शकते. फॉर्म घेऊन आधी तिच्याकडे जा.

रविवारी तो पाचूबंदरला गेला. सालोमी अंगणात जवळा वाळत घालत होती. तिने त्याला लगेच ओळखलं. "तुम्ही पानी दिलेलं ना मला," म्हणाली आणि बसायला खुर्ची आणली. त्या दिवशी त्या ऑफिसात तेवढे एक तुम्हीच माणसासारखे वागलात, असं ती आईला कितीदा तरी सांगायची म्हणे. जयरामला ते ऐकवेना. उभ्याउभ्याच त्याने सांगून टाकलं, तारीख बावीसच होती, मी बदलली, आणि मॅडमना खोटं सांगितलं. फॉर्म त्याने तिच्यापुढे धरला.

सालोमीने फॉर्म घेतला नाही. "पाच वर्षं मी कुठलीबी तारीख दोघांना वाचायला लावते," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या डोळ्यांतच काही तरी आहे. म्हणून परत फॉर्मच भरला नाही." मग हात पुसत म्हणाली, "हे माझ्या पप्पांना सांगा. होडी तासाभरात येईल."

जयराम बसून राहिला. तिने त्याला चहा विचारला नाही. होडी लागली, बॅप्टिस्ट ओल्या पायांनी वर आला आणि जयरामने तेच सगळं पुन्हा, त्याच्या तोंडाकडे बघत सांगितलं. म्हातारा चिडेल, अंगावर येईल, अशी त्याने तयारी ठेवली होती. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

बॅप्टिस्टने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो लेकीकडे वळला. "काय होती तारीख?"

"बावीस."

तो ओट्यावर बसला. "त्या दिवशी घरी आल्यावर मी हिला मारली, सर," तो म्हणाला. "खोटं बोलते म्हनून. ही रडत बावीस-बावीस करत होती आनि मी मारत होतो."

सांगून मोकळं व्हायला जयराम इथवर आला होता. बॅप्टिस्टने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि तो त्या हातांकडेच बघत होता. सालोमी त्याच्याशेजारी जाऊन बसली, पण तिने त्याला हात लावला नाही. जयरामने फॉर्म खुर्चीवर ठेवला. त्याला कुणी थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.