हेल्मेट घालून दारात

जयपूरच्या झालान्यातल्या आमच्या ऑफिसातून निघताना आमचे प्रोग्रामर हेल्मेट घालून दारात जरा थांबायचे. आमच्यापैकी कोणाची तरी हाक यायचीच. ग्राहक पत्त्यात सोडाला, मानसरोवर अशी इथल्या वस्त्यांची नावं हजार तऱ्हांनी लिहितात, आणि प्रत्येक नव्या तऱ्हेसाठी प्रोग्राममध्ये वेगळी कमांड घालणं फक्त त्यांनाच जमायचं.

"मतलब, अजून एक?" म्हणत, हसत परत बसायचे. वाढले इथेच जयपुरात, मराठीही तशीच, हिंदी मिसळलेली.

परवा त्यांनी सगळ्या कमांड काढून एक साधा तक्ता केला. डावीकडे लोक लिहितात ते, उजवीकडे खरं नाव. नवी ओळ कोणीही भरावी. आम्ही टाळ्या वाजवल्या.

काल ते दारात थांबले. आम्ही मजेत ओळी भरत होतो, हाक आली नाही.

"मतलब, खरंच जाऊ?" त्यांनी विचारलं, आणि हेल्मेट काढून माझ्याशेजारी खुर्ची ओढली.