कौसाबाईचं गेलेलं कडवं

यष्टी फाट्यावर थांबली तवा माझी पोर मी इतकी गच्च धरली व्हती की आई म्हनली, "आगं सैल सोड, गुदमरंल ती." आमचं गाव इंदापूरच्या अंगाला, हायवेपासनं आत, धरनाच्या पान्याकडंला. तिथनं बारामती काय लांब न्हाय, भिगवणला गाडी बदलायची की झालं. पर मला तवा इलायतेला निघाल्यासारखं वाटत व्हतं. आमच्या ह्यांना तिकडं एमआयडीसीत काम लागलं व्हतं, खोली बघून ठिवली व्हती, आन मी, सातवीत शाळा सुटलेली, इंदापूरच्या बाजारापुढं कधी एकली न गेलेली, तान्ही पोर घिऊन निघाले व्हते. गाडीत पाय ठिवायला जागा न्हाय. माझ्या बानं, आबांनी, खालनंच खिडकीतनं आवाज टाकला, "बसा खाली! बसा खाली! लेकुरवाळीला जागा द्या!" बसायलाच जागा नव्हती तर बसतील कुटं, समदी गाडी हसली. आबांची ती सवयच. गावात कसला बी कार्यक्रम असू द्या, मानसं उठली की आबांचा आवाज आलाच. आईनं खिडकीतनं हात घालून पोरीचा पाय धरला आन म्हनली, "भ्या वाटलं तर वाटू दे. पर दार लावून बसू नगं."

मी गेल्या गेल्या दार लावून बसले.

खोली पत्र्याची, एका रांगंत लई खोल्या, मधी निसती एका विटंची भित. वर पत्र्यापशी फट, शेजारनीच्या फोडनीचा ठसका आपल्या डोळ्यात. कंपनीचा भोंगा झाला की मी आन पोर दोघी दचकून उठायचो. ह्यांची पाळी कधी सकाळची, कधी रातची. नळावर बायांचा नंबर, आन तो नंबर कसा लावायचा तेच मला कळंना, भांडं ठिवायचं का आपून उभं राह्यचं. एक बाई म्हनली, "ए नवी, कुठली गं तू?" मी कळशी अर्धीच घिऊन माघारी पळाले. पोरीचं अंग जरा गरम लागलं की मला वाटायचं संपलं, आता कुनाला हाक मारू. गावाला हाक मारली तर चार घरं धावून येत्यात. हितं हाक मारली आन कुनी आलंच न्हाय तर? त्या भ्यानं मी हाकच मारली न्हाय कुनाला.

ह्यांना म्हनले, मला न्हाय ऱ्हायाचं हितं. ते भाकरी खाता खाता थांबले. मानूस गरीब, कधी आवाज चढवत न्हाईत. म्हनले, "जयंतीपत्तर काढ. न्हायच जमलं तर आबा येतील तवा जा त्येंच्यासंगं. मी खानावळ लावीन." तवापासनं मी जयंतीचीच वाट बघत व्हते, गावाला जायाला मिळंल म्हनून.

एका सुट्टीच्या दिशी दुपारी पोरीला पाजत बसले व्हते. आन भितीपलीकडनं आबांचा आवाज आला. "बसा खाली! बसा खाली!"

आवो काय सांगू. पायात चप्पल न्हाय, पोरीला तशीच काखंत मारून मी शेजारच्या दारात. आत चटईवर बाया-बापे दाटून बसलेले, मधी टेप. मी म्हनले, "आबा कुटायत?"

शेजारीन लताताई, नळावर मला इचारनारी हीच, ती म्हनली, "कोन आबा?"

"माझं आबा. आत्ता बोलले की. बसा खाली म्हनले."

 लताताईच्या मालकानं, सोपानभाऊंनी, रीळ मागं घेतलं आन परत लावलं. परत आबा बोलले.

ती टेप कौसाबाईची. ज्येंला ठावं न्हाय त्येंच्यासाठी सांगते. कौसाबाईची गायन पार्टी व्हती, आमच्याच अंगाची. पेटी, ढोलकी आन मागं दोन बाया कोरसला. जयंतीला, नामकरनाला, लग्नाला गायची. तिची दुकानात इकायची कॅसेट कधी निघालीच न्हाय, पुन्यात तिला कुनी वळखत न्हाय. जी हाय ती ही एकच टेप, मी लहान असताना आमच्या गावच्या जयंतीला कुनीतरी कर्न्यापशी धरून भरलेली. तिची कापी, कापीची कापी. इंदापूरकडनं, कऱ्हाटीकडनं, भिगवणकडनं मानसं कामाला आली तशी पिशवीतनं ती टेप बी आली. गानं असं:

उचल पाऊल पोरी, भीती टांग शिंक्याला
उजेड आलाय बाई आपल्या बी उंबऱ्याला

ह्या गान्याच्या तिसऱ्या कडव्याला लाईट गेली व्हती. कर्ना बंद पडला, पर टेप शेलवरची, ती चालूच. कौसाबाई बिगरमाइकची गात राह्यली म्हनत्यात, पर ती लांब, तिचा आवाज टेपमधी न्हायच. त्या जागी हाय निसता गलका, एक पोर भोकाड पसरून रडतंय, आन आबांचं "बसा खाली". मंग लाईट येती आन गानं चौथ्या कडव्यापासनं. ह्या लोकांनी गानं टेपवरनंच शिकलेलं. त्येंची ऱ्हीतच पडली व्हती. गाता गाता ती जागा आली की समदी थांबायची, लताताई पोरावानी रडायची, आन समदी मिळून वरडायची, "बसा खाली! बसा खाली!" मंग चौथं कडवं.

मी म्हनले, "ते बोलनारं माझं आबा. आन रडतीया ती मी. आई सांगती की."

लताताईनं कपाळाला हात लावला. "आगं बया! म्हंजी इतकी वरसं मी तुझं रडनं काढतीया व्हय?"

"बरुबर काढती का ते सांग," मागनं एक म्हातारं म्हनलं, "आमाला वाटतं लई तानती ती."

मी म्हनले, "जरा तानती." आन समदी खोली हसली, मी बी हसले, बारामतीत आल्यापासनं पयल्यांदा. सोपानभाऊ सरकले, टेपपशी जागा केली, म्हनले, "हितं बस बाई. टेपमधलं मानूस आमच्या दारात आलं, अजून काय पायजे."

तवापासनं नळावर माझं नाव पडलं टेपवाली. आन मी दर सुट्टीला तितं. काय मानसं व्हती ती! कोन फिटर, कोन सूतगिरनीत, कोन कारखान्याच्या गाळपाला. हात काळं, आठवडाभर मशिनीचा आवाज कानात, आन सुट्टीला झोपायचं सोडून ह्यो मेळा. बाजारात चकचकीत कॅसेटी चिक्कार. कुनी आनली तर ऐकत्यात, बरी हाय म्हनत्यात, आन परत कौसाबाई. रीळ गुतलं की पेन्सिल घालून असं हळू फिरवत्यात की तान्ह्या पोराचं नाक पुसावं. कऱ्हाटीचे एक तात्या टेप छातीशी सदऱ्यात घालून सायकलवर यायचे. आन भांडनं! "तुझी कापी तिसऱ्या हातची." "आन तुझ्या टेपमधी आबा पळत पळत बोलत्यात, मशीनच फास्ट तुझी." माझ्या आबांवरनं भांडत्यात, आन गावात आबांना कुनी पान इचारत न्हाय! मला आसं भरून यायचं. पर भोंगा झाला, हे रातपाळीला गेले, खोलीत मी आन पोर, की परत तेच भ्या. सुट्टी आठवड्यात एकच. बाकीच्या दिसांचं काय?

जयंती जवळ आली तसं ठरलं की औंदा खुद्द कौसाबाईला आनायची. ती भिगवणला असती हे कळलं व्हतं. दोघं गडी जाऊन आले तर तिनं हाकलून दिलं. सोपानभाऊ म्हनले, "टेपवालीनं जावं. ती त्या गावची, बाईमानूस, बाई ऐकंल." मी म्हनले मला येत न्हाय बोलाया. लताताई म्हनली, "रडाया तर येतं?"

निघताना मी पिशवीत माझी आन पोरीची समदी कापडं भरली. ह्यांनी बघितलं. मी म्हनले, "निरोप सांगते आन तिथनं तशीच गावाला जाते. भिगवण म्हंजी अर्धी वाट झालीच की." ते म्हनले, "पोरीचं टोपडं राह्यलंय," आन आनून दिलं.

भिगवणला मासळीच्या बाजारात ती बसलेली, गिऱ्हाइकाला मासं कापून देत. केस पांढरं, मनगटापत्तर खवलं. मी म्होरं जाऊन उभी राह्यले.

"चिलापी का?"

"मासं नगं. कौसाबाई पायजे."

"मेली ती."

"कधी?"

"आमचा पेटीवाला गेला तवा. सरक, उन्हात उभी राहू नगं पोर घिऊन."

मला समजावून सांगायचं व्हतं, पर तोंडातनं सबूद फुटंना, आन मी काय केलं, गानंच म्हनाया लागले. गळ्यात सूर न्हाय, डोळं मिटून घेतलं, म्हनत गेले. तिसऱ्या कडव्यापशी थांबले तर काखंतली पोर खरीच रडाया लागली, आन मी सवयीनं वरडले, "बसा खाली! बसा खाली!" डोईवर पाटी घेतलेला एक बाप्या दचकून खरंच बसला. सगळा बाजार हसाया लागला. कौसाबाईचा कोयता थांबला.

"ह्ये मधीच काय गं?"

मी सांगितलं समदं. टेप, लाईट, आबा, लताताई. एका दमात.

"म्हंजी अजून ऐकत्यात?"

"दर सुट्टीला. खोलीत मावत न्हाईत."

तिनं हात धुतलं. परत धुतलं. हुंगून बघितलं. म्हनली, "मागं ते दोघं गडी आले व्हते, मला वाटलं चेष्टा करत्यात. येते मी. पर मला भ्या वाटतं गं आता मानसांचं. तू बसशील का माझ्याशेजारी, गानं संपस्तवर?"

तिकडं इंदापूरची गाडी लागली व्हती, कंडक्टर घंटी मारत व्हता. मी कुनाला धीर देनार, आवो मीच भिऊन गावाला पळत निघालेली. पर येवढी मोठी कौसाबाई, तिला बी भ्या वाटतं, आन ती ते तोंडानं सांगती. मी म्हनले, "बसते." गाडी गेली.

जयंतीला दिस मावळायच्या आधी खोल्यांच्या मधल्या मोकळ्या जागंत कार्यक्रम. निळ्या पताका, कर्ना, बाया नव्या लुगड्यात. आबा गावाकडनं आलं व्हतं, ठरल्याप्रमानं, मला न्यायला. लांब कडंला बसलं. कौसाबाईनं माझा गुडघा असा धरला व्हता की दुसऱ्या दिशी वळ व्हतं. पयल्या कडव्याला आवाज चिरकला. दुसऱ्याला समदी तिच्यासंगं म्हनाया लागली तसा सुटला. तिसरं कडवं आलं, आन ती पुढं गानार तवर समदी गप! लताताईनं भोकाड पसरलं, आन बाया, बापे, शेंबडी पोरं, समद्यांनी एकदम, "बसा खाली! बसा खाली!"

कौसाबाईचा आ वासलेला. आन तिकडं कडंला आबा ताडकन उठून उभं, इकडं बघत्यात, तिकडं बघत्यात, आपली हाक कोन मारतंय म्हनून. सोपानभाऊंनी माइक घेतला, "आबा, बसा खाली!"

हसून हसून मानसं लोळली. आबा बसलं, टोपी काढली, परत घातली, आन धोतराच्या सोग्यानं डोळं पुसाया लागलं.

मंग मागनं आवाज आला, "बाई, ते तिसरं कडवं म्हना की! वाट बघून दमलो."

कौसाबाईनं इचार केला. म्हनली, "खरं सांगू का? कडवं न्हायच तितं. लाईट गेली, अंधार झाला, आन मी भ्याले. म्होरचं आठवंचना. म्हनून धुरपदच घोळत राह्यले, तेच तेच. थांबले आसते तर मानसं उठून घरी गेली आसती. थांबले न्हाय यवडंच."

 आन मंग कऱ्हाटीचे तात्या उठले, छाती काढून म्हनले, "म्हंजी आमचंच बरुबर!" काय टाळ्या पडल्या! कौसाबाईनं गानं परत पयल्यापासनं धरलं, आन ती जागा आली तवा आपून थांबली आन हात करून आमाला दिली.

आता माझी पोर बालवाडीत जाती. कौसाबाई दर जयंतीला येती, आमच्याच खोलीत उतरती. गावाला जाते मी, जात न्हाय असं न्हाय. आईच्या हातचं खाते, धरनाकडनं वारा येतो, बरं वाटतं. पर दुसऱ्या दिशी माझं कान काहीतरी हुडकाया लागत्यात. भिती जाड हायेत तितल्या, पलीकडचं काय ऐकू येत न्हाय. आन माझ्यासारख्या ज्या पोरी पोर काखंला मारून हिकडं तिकडं गेल्यात, त्येंना सांगते, भ्या जात न्हाय. माझं अजून गेलं न्हाय. भोंग्याला अजून दचकते. पर आता दचकले की भितीवर थाप मारते, आन पलीकडनं लताताई थाप मारती.

त्या जयंतीच्या दुसऱ्या दिशी सकाळी मी आबांना घालवाया बारामतीच्या स्टँडवर गेले. गाडी लागली. आबांनी माझ्या हाताकडं बघितलं, काखंतल्या पोरीकडं बघितलं, म्हनले, "तुझी पिशवी कुटाय?"

मी म्हनले, "घरी हाय."

आबांनी टोपी सारखी केली. म्हनले, "बरं." आन गाडीत चढले. मला वाटलं व्हतं रडू यील. पर पोर भुकेजली व्हती, नळ यायची येळ झाली व्हती, मी निघाले.