अण्णाच्या नेमस्पेसमधले एक फंक्शन

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. स्थळ – कोरेगाव, माझी कामाची खोली.

अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आपणही ठेवावा असा आग्रह नाही. घडले ते क्रमाने लिहितो.

मी एकाहत्तर वर्षांचा निवृत्त अभियंता. सांगलीचा अण्णा मगदूम आणि मी, आम्ही दोघांनी तासगावच्या बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी तापमान नोंदवणारा प्रोग्राम केला. वरचा कारभार स्क्रिप्टमध्ये. सेन्सर वाचणारा खालचा भाग सी++ या भाषेत लिहून स्क्रिप्टला जोडलेला. दोघांच्या फंक्शन्सची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्यांची, नावे एकमेकांवर आदळू लागली, तेव्हा अण्णाने दोन नेमस्पेस, म्हणजे नावांचे वेगवेगळे कप्पे, केल्या. त्याची फंक्शन्स त्याच्या नावाखाली, माझी माझ्या.

"गावात दोन सदाशिव असलं, तर आडनावानं हाक मारायची गड्या," तो म्हणाला होता.

एकाने दुसऱ्याच्या नेमस्पेसला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही अकरा वर्षे पाळला.

जानेवारीत अण्णा गेला. भेटायला गेलो, तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, त्यात ह्यांचं नाव हाय म्हणं. तेवढं पुसू नका."

 प्रोग्राम म्हणजे स्मारक नव्हे, असे माझे मत होते.

त्या सकाळी मी त्याची फंक्शन्स माझ्या नेमस्पेसमध्ये हलवली, त्याची काढून टाकली आणि नवे बिल्ड केले, म्हणजे प्रोग्राम नव्याने बांधून घेतला. स्क्रिप्टकडे नेमस्पेसची यादी मागितली. 'अण्णा' तिथेच होती... आत एकच फंक्शन – 'चौथी खोली'. ते आम्ही दोघांनीही कधी लिहिले नव्हते. सोर्समध्ये, म्हणजे आम्ही लिहिलेल्या मूळ मजकुरात, शोधले. नव्हते.

चालवले. उत्तर आले – ४.५ अंश.

कोल्ड स्टोरेजवरच्या रघुनाथला फोन लावून चौथ्या खोलीचे तापमान विचारले.

"आवं साहेब, चारचा सेन्सर दिवाळीपासनं मेलाय की!"

"थर्मामीटर घेऊन आत जा."

थोड्या वेळाने – "साडेचार. लय गार हाय. तुमाला काय स्वप्न पडलं व्हय?"

मी पुन्हा चालवले. ५.१. पुन्हा – ५.४.

"रघुनाथ, दार उघडे आहे का?"

पलीकडून मग दार ओढल्याचा आवाज. "...तुमी बघताय कुठनं?"

सोर्समध्ये जे नाही, ते प्रोग्राममध्ये असता कामा नये – ही माझी आयुष्यभराची शिस्त. जुन्या फायलींचे काही मागे राहिले असेल, असे ठरवून बिल्डचा संपूर्ण फोल्डर पुसला. प्रत ठेवली नाही. पुन्हा बिल्ड केले. यादीत एकच नेमस्पेस उरली. माझी.

तेव्हा कळले, मी काय केले ते.

दुपारभर अण्णाची नेमस्पेस पूर्ववत केली, त्याचे प्रत्येक फंक्शन जसेच्या तसे. नऊ वेळा बिल्ड केले. ते एक परत आले नाही. जुन्या फायलींचेच म्हणावे, तरी मेलेल्या सेन्सरचा आकडा त्याला कोठून मिळाला?  आता विचारायला जागा नाही.

साडेपाचला वहिनींचा फोन आला. "ठेवलंय न्हवं नाव?"

"ठेवले आहे."

"मग झालं."

सहा वाजता चौथ्या खोलीसाठी नवा सेन्सर मागवला.