डझनात दोन कमी

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात चेकर होत्या. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायची आणि जिथे खोट दिसेल तिथे लाल बाणाचा बारीक स्टिकर चिकटवायचा. चांगल्या शर्टाला काहीच लावायचं नाही. त्यामुळे "छान झालंय" म्हणायची सवय त्यांच्या जिभेला कधी लागलीच नाही. निवृत्त होताना उरलेले स्टिकर त्या घरी घेऊन आल्या. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी धुतलेल्या चादरीवर एक लाल बाण दिसला, तेव्हाच मी ओळखलं की गाठ कुणाशी आहे.

भाजीवाला, गॅसवाला, टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी, कुणावरही त्यांचा विश्वास नाही. "कुठंतरी पाणी मुरतंय," हे त्यांचं ठरलेलं पालुपद.

माझे दिवस भरून वर आठवडा गेला तरी कळांचा पत्ता नव्हता. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "पिशवीचं तोंड अजून घट्ट आहे. कळा आणायच्या आधी ते मऊ व्हायला हवं. तिथे एक छोटा फुगा ठेवते आणि त्यात पाणी भरते. त्याच्या दाबानं तोंड हळूहळू उघडेल. फुगा बसवला की घरी जा. उद्या सकाळी सातला या."

"घरी?" पडद्याबाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "का? खाट रिकामी नाही वाटतं?"

"तीन आहेत."

"मग?"

"गोळी ठेवली असती तर इथंच ठेवून घेतलं असतं. गोळीनं कधीकधी कळा फार जोरात येतात, लक्ष ठेवावं लागतं. फुग्यात औषध नाही. आईची तब्येत चांगली आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. घरच्या अंथरुणात जरा आराम तरी होईल."

खाट नाही म्हटलं असतं तर सासूबाईंनी एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण खाटा रिकाम्या ठेवून बाईला घरी धाडायचं, हे काही त्यांना पचेना. डॉक्टरबाईंनी सूचनांचा छापील कागद दिला, तर त्यावरच्या 'घरी' या शब्दावर त्यांनी तिथल्या तिथे बाण चिकटवला.

फुगा बसवताना मी चांगलीच कळवळले. मग अर्धा तास पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके पाहिले आणि आम्हाला सोडलं. नळीचं टोक मांडीला चिकटवलेलं होतं. लोंबता दोरा दिसला की ओढून बघायची सासूबाईंची सवय मला पक्की ठाऊक, त्यामुळे घरी आल्यावर मी पांघरूण गच्च धरून पडले.

कागदावर लिहिलं होतं: पाणी गेलं, रक्त गेलं, ताप आला, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा कसलीही शंका आली, तर वाट न बघता या. डाव्या कुशीवर झोपून हालचाली मोजा, दोन तासांत दहा. मोजायचं काम सासूबाईंनी माझ्याकडून काढूनच घेतलं. स्टूल ओढलं, एक हात माझ्या पोटावर ठेवला, दुसऱ्या हातानं वहीत रेघा मारायला लागल्या. मी नुसती शिंकले तरी "थांब, घोटाळा होतो," म्हणायच्या.

चार वाजता त्यांनी वही मिटली. "दहा."

"झालं की मग. दहाच लिहिलंय."

"डझनात दोन कमी."

"आई, डझन कुणी सांगितलं?"

"एकतीस वर्षं मी माल डझनावर मोजलाय. दोन कमी भरले की गठ्ठा अडवायचा. ऊठ."

"अहो, हे शर्ट नाहीत! तिथे हसतील आपल्याला!"

"हसू देत. ऊठ."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो गाडीची किल्ली घेऊन दारात उभाच होता. त्या घरात तोंड न उघडणारी माझी पिशवी एकटीच नव्हती. मी रागानं गाडीचं दार आपटलं.

पुन्हा पट्टे बांधले. ठोके घोड्यासारखे दौडत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ मजेत आहे. दहा पुरेशा होत्या."

झाली ना शोभा, अशा तोऱ्यात मी सासूबाईंकडे वळले. त्यांचा हात अजून माझ्या पोटाजवळच होता.

"मलाही म्हणाले होते, अजून वेळ आहे, घरी जा," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला. मी गेले. पोर हलेनासं झालं, तर मला वाटलं, झोपलंय. मोजायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही."

लग्नाच्या चार वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानंही नसावं, कारण तो किल्ली हातात धरून नुसता बघत राहिला. माझा राग कुठल्या कुठे पळाला. मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरबाईंनी माझा केसपेपर सासूबाईंपुढे धरला. "उगाच कुणालाही घरी पाठवत नाही आम्ही. घर किती लांब, गाडी आहे का, सोबत कोण, सगळं विचारून लिहितो. वाचा."

शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: 'सोबत सासू. प्रत्येक गोष्टीवर संशय घेतात. घरी पाठवायला हरकत नाही.'

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. "हे कौतुक आहे की तक्रार?"

थोड्या वेळानं मी बाथरूमला गेले, तर फुगा नळीसकट निसटून खाली आला. मी केवढ्यांदा ओरडले! नर्स धावत आली आणि हसायलाच लागली. तोंड उघडलं होतं. मग मात्र त्यांनी मला ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली.

सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. दुपटं सोडलं, बोटं मोजली, कानांच्या मागे बघितलं, उलटी करून पाठीवरून अंगठा फिरवला. मग पर्स उघडली. आत स्टिकरची पट्टी होती, ती मला दिसली. रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले आणि पर्स बंद केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या. "दोघी उत्तम आहेत. आता घरी जा."

कपड्यांची पिशवी भरता भरता सासूबाई थांबल्या.

"परत एकदा म्हणा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी परत म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी नातीला उचललं.