मराठीच्या कार्डातली करणी

अंबडात काकासाहेबांना संपादक म्हणत. म्हणत म्हणजे आधी ते स्वतः म्हणत आणि मग बाकीच्यांना म्हणायला लावत. जालना जिल्हा झाला त्या साली त्यांनी 'रणहलगी' नावाचं साप्ताहिक काढलं. "जिल्हा झाला, आता जिल्ह्याला आवाज नको का?" असं ते बसस्टँडवर उभं राहून दिसेल त्याला विचारत. जिल्ह्यानं काही आवाज मागितला नव्हता. तरी तो दर शनिवारी चार पानांचा निघायचा आणि कोर्टाच्या कट्ट्यावर, सलूनात, भेळीच्या गाड्यावर जाऊन पडायचा. भेळीच्या गाड्यावर त्याला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक होतं. कागद जाड होता.

संपादकाला चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटायचा. अग्रलेख लिहायचा तो म्हस्कू, छापखान्याचा खिळे जुळवणारा. बापजाद्यांनी मेंढरं राखली, हा शिशाची अक्षरं राखायला आला. त्याचाही झरा फार मोठा होता असं नाही. त्याच्यापाशी तीन अग्रलेख होते. एक पाण्यावर, एक रस्त्यावर आणि एक बिघडलेल्या तरुण पिढीवर. तेच आलटून पालटून. एखाद्यानं वाचून "काकासाहेब, काय हाणलंय या वक्ताला!" म्हटलं, की काकासाहेब डोळे मिटून मान हलवायचे, जसं काही लिहिण्याचा थकवा अजून उतरलेला नाही. म्हस्कू पलीकडं तंबाखू मळत बसलेला असायचा. तो थुंकायला बाहेर जायचा.

हे सगळं चालायचं सरकारी जाहिरातींवर आणि कोर्टाच्या नोटिसांवर. त्या मिळायच्या तर पेपरचं नाव सरकारी यादीत पाहिजे, आणि यादीत राहायचं तर अंक दर आठवड्याला निघाला पाहिजे. एक जरी चुकला, की नाव कटलं. यादीतून एकदा कटलेलं नाव पुन्हा चढवायचं तर माणसाची हयात जाते. काकासाहेबांच्या सबंध आयुष्यात खरी अशी भीती ही एकच. देवाला ते भीत नव्हते, बायकोला तर माणसातच धरत नव्हते, पण शनिवार जवळ आला की त्यांचं पोट बिघडायचं.

नव्वदच्या पुढं कॉम्प्युटरची हवा आली. काकासाहेबांनी औरंगाबादच्या कुठल्याशा कचेरीतून निघालेला एक जुना डबा आणला. त्याच्या पोटात हातभर लांब हिरवं कार्ड होतं. ते होतं म्हणून पडद्यावर मराठी उमटायची. ते काढलं की मशीन नुसतं इंग्रजी. मशीन आलं त्याच आठवड्यात काकासाहेबांनी छापायचं जुनं मशीन आणि खिळ्यांचे सगळे खण भंगारात घातले. "शिसं म्हणजे जुना जमाना," म्हणाले. म्हस्कूला काढून टाकायचंच होतं, पण मग अग्रलेख? म्हणून त्याला शुक्रवारच्या शुक्रवारी यायला सांगितलं. बाकीचे दिवस तो भावाच्या मेंढरांमागं. टायपिंगला उषाबाई नावाची, तोंडानं तिखट आणि बोटानं जल्द बाई ठेवली. पानं प्रिंटरवर काढायची आणि रातोरात जालन्याला मस्तगडाच्या ऑफसेटवाल्याकडं छापायला धाडायची, असा नवा पायंडा पडला.

मशीन ठेवलं होतं घराच्या पुढच्या खोलीत. आत येणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या, मग तो तहसीलदार असो नाहीतर दूधवाला. काकासाहेब स्वतः मात्र बूट घालून वावरत. डबा तापतो म्हणून त्याचं झाकण कायम काढून भिंतीला टेकवलेलं. कधी अक्षरं वेडीवाकडी आली, की उषाबाई ते कार्ड उपसायची, त्याच्या सोनेरी दातांवर पोरांच्या कंपासातला खोडरबर घासायची आणि परत दाबून बसवायची. आतल्या दारातून काकासाहेबांच्या मंडळी सगुणाबाई हे बघत. त्यांना या खोलीत यायची बंदी नव्हती. त्यांना कोणी बोलवतच नव्हतं.

मशीन आलं त्या सालच्या दसऱ्याला काकासाहेब जालन्यात होते. एका पुढाऱ्याच्या अंगणात तीन दिवस बसून होते, शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी. निघताना सगुणाबाईंना हुकूम सोडून गेले: "नवमीला मशीनची पूजा झाली पाह्यजे. आन् वरवर नको, बराबर कर. आपली लक्ष्मी हाये ती."

शुक्रवारी काकासाहेब परतले, उषाबाई सुट्टीवरून आली आणि तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर आकडे पळाले आणि पळता पळता जागच्या जागी थिजले. कळा दाबल्या, काही नाही. बंद करून चालू केलं. पुन्हा तिथंच.

"काय झालं?" काकासाहेब.

"मला काय इचारता? मशीन तुमचं."

"तू काय केलं त्याला?"

"म्या आत्ता येऊन राह्यले, काकासाहेब. मी यायच्या आधीच मेलं असंल ते."

मेलं हा शब्द ऐकून काकासाहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. उद्या शनिवार. जालन्याला निरोप गेला आणि दुपारच्या एसटीनं राधाकिसन आला. हा मस्तगडातला. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. तिन्ही बिघडलेल्या वस्तूंना तो एकाच पद्धतीनं तपासायचा: आधी थापटायचं, मग चहा मागायचा. दोन्ही झालं.

"व्होल्टेज," राधाकिसन म्हणाला.

व्होल्टेज बघितलं. बराबर होतं.

"मंग व्हायरस."

"अहो, ते सुरूच होऊन न्हाई राह्यलं," उषाबाई म्हणाली, "व्हायरस काय दारात उभा ऱ्हातो का?"

राधाकिसननं तिच्याकडं दुर्लक्ष केलं. त्याला बाया मशीनजवळ चालत नव्हत्या, त्या खरं बोलायच्या. त्यानं एकेक तार काढली, फुंकली, परत लावली. मशीन तिथंच थिजलं. मग त्यानं ते लांबडं कार्ड उपसलं आणि बटण दाबलं. डबा टुण्णकन वाजला आणि सुरळीत चालू झाला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं लुकलुकू लागली.

"पाह्यलं?" राधाकिसननं कॉलर नीट केली. "झालं चालू."

"आरं, पण मराठी?" काकासाहेब ओरडले. "इंग्रजीत काढू काय 'रणहलगी'? कार्ड टाक!"

कार्ड टाकलं. आकडे पळाले आणि थिजले. काढलं, चालू. टाकलं, थिजलं. शेजारच्या खाचेत बसवून पाहिलं, तेच. आता खोड कुठं आहे ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं, म्हणून राधाकिसनला पण कळलं.

"कार्ड गेलं," तो म्हणाला. "आन् असलं जुनं कार्ड आता मिळत न्हाई. मशीनच नवं घ्या. आहे माझ्या बघण्यात एक."

"आन् उद्याचा अंक?"

"उद्याचं काय मी सांगू?"

काकासाहेब खुर्चीत बसले. खिळे असते तर म्हस्कूनं जुळवला असता अंक. खिळे वितळून आता कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीत होते. "नीट पाह्य रे लेका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा माणसासारखा आला. "जरा नीट पाह्य."

राधाकिसननं कंटाळत विजेरी मागितली आणि कार्ड निघालेल्या पहिल्या खाचेत उजेड पाडला. मग तो सरळ झाला आणि दोन पावलं मागं सरला.

"काकासाहेब, तुम्हीच पाह्या."

खाचेत लाल-पिवळं काहीतरी वाळून चिकटलं होतं, आणि मध्ये दाबून बसलेले दोन तांदूळ. कार्ड उलटं करून पाहिलं तर त्याच्या दातांवरही कुंकू लिंपलेलं. उषाबाईनं पदर सावरला. राधाकिसन चप्पल शोधू लागला.

संपादक ताडकन उठले. महिन्यापूर्वीच 'रणहलगी'त 'अंधश्रद्धा आणि तरुण पिढी' असा अग्रलेख आला होता. तो त्यांनी वाचला नव्हता.

"करणी!" ते किंचाळले. "म्हस्क्यानं केली. म्या खिळे इकले ना, त्याचा डाव! बोलवा त्या धनगराला!"

बोलवायची गरज पडली नाही. शुक्रवार होता. म्हस्कू अग्रलेखाचा कागद खिशात घालून दारातच उभा होता, या आठवड्याला रस्त्याची पाळी. तोवर गल्लीतली पाच-पंचवीस माणसं जमली होती, आणि काकासाहेबांना माणसं जमली की चेव यायचा.

"म्हस्क्या, माझं अन्न खाऊन माझ्यावर करणी करतो? उतरव! आत्ताच्या आत्ता उतरव, न्हाईतर पोलिसात देतो."

म्हस्कूनं वाकून डब्यात बघितलं. "लिंबू कुठंय?"

"काय?"

"करणीला लिंबू लागतं, संपादक. टाचण्या लागत्या. काळी भावली लागती. हे तर हळदीकुंकवाला आलेल्या बाईचं काम दिसून राह्यलं."

गल्ली हसली. काकासाहेबांनी त्याची गचांडी धरली. त्या कालव्यानं आतून सगुणाबाई आल्या, हाताला भाकरीचं पीठ.

"काय चाललंय वं?"

"तू आत जा. मशीनवर करणी झाली हाये."

सगुणाबाईंनी टेबलावरचं कार्ड बघितलं. "ही? ही तर म्या पूजा केल्ती."



"तुम्हीच सांगून गेल्ता, वरवर नको म्हणून. जुन्या छापायच्या मशीनीला नव्हते का मी दरसाल प्रत्येक चाकाला कुंकू लावत? त्याला काय झालं कधी? उषा काढती तसं हे कार्ड काढलं, पाटावर सरस्वतीजवळ ठेवलं, दूधपाण्याचा हात फिरवला, हळदकुंकू, अक्षता वाहिल्या, आन् परत बसवलं. खाचंला पण वाह्यल्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "सकाळपासून तुम्ही बोंबलून राह्यले. मला वाटलं लाइटीचं काही असंल. मला कोणी इचारलं का?"

काकासाहेबांचा हात अजून म्हस्कूच्या गचांडीत होता. तो काढायचा कसा, हे त्यांना सुचेना. शेवटी म्हस्कूनंच त्यांची बोटं एकेक करून सोडवली. माफी मागायचं काकासाहेबांच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही. ते एवढंच म्हणाले, "असू दे, असू दे. दे तो कागद इकडं."

म्हस्कूनं खिशातला अग्रलेख काढला, त्याची चौकोनी घडी घातली आणि त्यातच तंबाखूची पुडी बांधली. "अग्रलेख आता देवरुष्याकडून घ्या लिहून," म्हणाला आणि गेला. त्याच्या मागं गल्लीही गेली. पुढं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काम सोपं होतं. दात घासायचा ब्रश, दवाखान्यातून आणलेलं स्पिरिट, सुईच्या टोकानं उचकलेले तांदूळ आणि उषाबाईचा खोडरबर. राधाकिसननं सगळं वाळू दिलं, कार्ड दाबून बसवलं, बटण दाबलं. आकडे पळाले, थांबले नाहीत, आणि काळ्या पडद्यावर मराठी उभी राहिली. "मी म्हटलंच व्हतं," राधाकिसन म्हणाला. काय म्हटलं होतं ते त्यानं सांगितलं नाही.

दिवस मावळला होता. मशीन मराठीची वाट बघत उभं होतं आणि संपादक त्याच्यापुढं बसून होते. उषाबाई कळांवर बोटं ठेवून म्हणाली, "सांगा."

काकासाहेबांनी घसा खाकरला. "आज आपल्या जिल्ह्यात..." म्हणाले. उषाबाईनं तेवढं टाइप केलं. बराच वेळ झाला. जिल्ह्यात काय, ते काही बाहेर येईना. इतक्या वर्षांच्या संपादकीत त्यांना पहिल्यांदा वाक्य पुरं करायची वेळ आली होती, आणि ते मशीनसारखेच सुरू होता होता थिजले. फरक इतकाच, की यांच्या खाचेत उचकायला काही नव्हतं.

"काहीबी टाक," ते उठत म्हणाले. "पण अंक निघाला पाह्यजे. गॅप पडला न्हाई पाह्यजे." आणि पोट धरून आत निघून गेले.

उषाबाईला घरी जायचं होतं. तिनं मागच्या आठवड्याची पानं उघडली, वरची तारीख आणि अंकाचा नंबर बदलला आणि चारही पानं प्रिंटरवर सोडली.

शनिवारी 'रणहलगी' निघाला. कोर्टाच्या कट्ट्यावर पडला, सलूनात पडला, गाड्यावर त्यात भेळ बांधली गेली. रविवार गेला, सोमवार गेला. तालुक्यातला एक माणूस बोलला नाही. एवढंच नाही, ज्यांच्या नोटिसा दुसऱ्यांदा छापून आल्या होत्या, तेही बोलले नाहीत.

मंगळवारी सकाळी काकासाहेब सलूनात बसले. आपला अंक ते असाच वाचत, गालाला साबण असताना. तिसऱ्या पानावर फोटो दिसला: हसनाबादचे बागायतदार रखमाजी यांचं दुःखद निधन, येत्या मंगळवारी राहत्या घरी तेराव्याचा कार्यक्रम. काकासाहेब अर्ध्या दाढीनं उठायला लागले. रखमाजी म्हणजे मोठं घर. पोरं पुढं सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहायची, जाहिराती द्यायची. मागच्या मंगळवारी ते स्वतः जालन्यात पुढाऱ्याच्या अंगणात होते आणि त्या आठवड्याचा अंक त्यांनी उघडलाच नव्हता.

कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खांद्यावर उपरणं, हातात झेंडूचा हार. अंबड ते जालना एक एसटी, जालन्याहून हसनाबाद दुसरी. उन्हानं हार मान टाकू लागला तरी संपादकांनी मान टाकली नाही. वाटेत त्यांनी शोकसभेचं भाषणही ठरवलं. पहिलं वाक्य तयार होतं.

रखमाजीच्या अंगणात मांडव नव्हता. सोयाबीनची मळणी चालू होती. ओसरीवर सुकलेल्या हारातला फोटो आणि फोटोखाली शेंगा निवडत बसलेली रखमाजीची सून बायनाबाई.

"कार्यक्रम?" काकासाहेबांनी विचारलं.

"कसला?"

"तेराव्याचा."

"तो तर मागल्या मंगळवारीच झाला, भाऊ." बायनाबाईनं हाराकडं, मग बुटांकडं बघितलं. "पेपरात आल्तं म्हणत्यात. तुम्ही वाचत न्हाई का पेपर?"

काकासाहेबांनी हार या हातातून त्या हातात घेतला. मग त्यांचा चेहरा जागेवर आला. "मुद्दामच आज आलो," ते म्हणाले. "गर्दीत दुःख बराबर वाटून घेता येत न्हाई." फोटोला हार घातला, हात जोडले आणि "आज आपल्या जिल्ह्यात..." असं म्हणून थांबले. मळणीयंत्र सुरू झालं, त्यामुळं पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. पुढचं काही नव्हतंच. बायनाबाईनं चहा दिला, तो पिऊन ते परतीच्या एसटीत बसले. दोन्ही गाड्यांत ते खिडकीला डोकं टेकून होते. कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याचं जवळचं कोणी गेलं असेल.

अंबडात उतरल्यावर ते तडक मशीनच्या खोलीत गेले. उषाबाईनं त्यांचा चेहरा बघितला आणि आता आपल्याला शिव्या बसणार म्हणून पर्स उचलून उभी राहिली.

"तो रखमाजीचा फोटो," काकासाहेब म्हणाले.

"व्हय."

"या शनिवारी तेवढा काढ. बाकीचं राहू दे तसंच."