शेवटच्या कडव्यातली मोकळी जागा

गायन पार्टीत पंधरा वर्षं पेटी वाजवली की गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. मी हसवायला म्हणूनच सुरुवात करतो. पण आमच्या किसनकाकांचा विषय निघाला की चहा गार होतो आणि कोणी हसत नाही.

०

किसनकाकांचं सेनगावच्या स्टँडजवळ पंक्चरचं दुकान. आमची निम्मी गाणी त्यांचीच. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात कवीचं नाव ओवायची रीत आहे. काका तिथं नुसती तीन टिंबं द्यायचे. ज्यानं गायचं, त्यानं आपलं नाव घालावं.

एकदा दोन पार्ट्यांचा सामना होता. आमच्या मिलिंदनं काकांचं गाणं म्हटलं, शेवटी स्वतःचं नाव घातलं. समोरच्या गायकानं तेच गाणं आपल्या नावानं म्हटलं. झालं, स्टेजवरच जुंपली! काका पुढच्या रांगेत शेंगा खात बसलेले.

"दोघंबी बराबर बोलून राह्यले," म्हणाले आणि टरफलं झटकून उठले.

०

मी एकदा विचारलंच, "काका, नाव काहून न्हाई टाकत?"

"नाव टाकलं की लोक आधी मला पाहतेत. गाणं ऱ्हाते बाजूला."

पाहण्यासारखं काय होतं ते मला मागाहून कळलं. काकांनी दोन वर्षांची पोरगी आणि बायको एका सकाळी टाकून दिली होती. भांडण नाही, तंटा नाही. नुसते निघून गेले. मला संताप आला. त्या आठवड्यात मी त्यांच्या गाण्याला पेटी धरली नाही.

"गाण्यानं काय पाप केलं?" मिलिंद म्हणाला. पुढच्या कार्यक्रमाला मी मुकाट पेटी उघडली.

०

शिरड शहापूरला काकांचं मायवरचं गाणं रंगलं. बाया डोळ्यांना पदर लावून रडल्या. मिलिंदला भरून आलं आणि त्यानं गर्दीतल्या काकांकडे बोट केलं. "लिव्हणारा ह्यो बसलाय."

एक म्हातारी उठली. ती काकांच्या सासुरवाडीची निघाली. जवळ येऊन तिनं त्यांचं तोंड नीट पाहून घेतलं.

"मघाचं रडणं वापस दे बाबा," ती म्हणाली.

त्यानंतर काका कार्यक्रमाला आले नाहीत. गाणी मोबाईलवर फोटो काढून पाठवायचे.

०

पुढं मिलिंदनं व्हिडिओ टाकले. कवीच्या जागी 'पारंपरिक' लिहिलं. काका खूश. "जित्तेपणीच पारंपरिक झालो म्हण की." त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

०

काका मागच्या वर्षी गेले. त्यांच्या बायकोला, कौसाबाईला निरोप धाडला होता. ती आली नाही.

यंदा हिंगोलीत तिच्याच खोलीपुढच्या मांडवात, तिच्या नातवाच्या बारशाला आम्हालाच बोलावणं आलं. जावयाला यातलं काही ठाऊक नव्हतं. काकांचं एकही गाणं घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवून गेलो होतो. पण जावयानं व्हिडिओत ऐकलेलं गाणं मागितलं आणि हट्टच धरला.

गाण्यातली बाई एकटी राहते. दिवे लागले की ती नवऱ्याच्या जुन्या चपला दाराबाहेर ठेवते, घरात गडी आहे असं लोकांना वाटावं म्हणून. डाव्या चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला.

मी कौसाबाईकडे न पाहता वाजवत होतो. जेवणं झाल्यावर ती माझ्यापाशी येऊन बसली.

"कोणाचं हाय हे गाणं?"

"पारंपरिक हाय, मावशी."



"त्यो सोडून गेल्यावर मी ही खोली केली," ती म्हणाली. "चपला मंग ठेवू लागले. सुतळीबी तवाच बांधली, मीच."

मी पेटीचा भाता लावून घेतला.

"म्हंजी दारापोतर आला व्हता त्यो."