पडद्यावरची तीन अक्षरं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगता आलं असतं, पण ती रघुनाथला मुलासारखं मानायची — कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाव सोडून आम्ही कापड गिरण्यांच्या शहरात, डिंडोलीत एका खोलीत राहत होतो — आई, वडील, मी, आणि आमच्याच गावचा रघुनाथ. तो जवळच उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला होता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तरी मला 'भाऊ' म्हणायचा, कारण मी कॉलेजात जात होतो. माझ्या अभ्यासाला रात्री खोलीत जागा व्हावी म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतली होती. मी घराण्यातला पहिला पदवीधर. त्या पदवीत त्याची किती झोप गेली, मला माहीत आहे.

सुट्टीच्या दिवशी तो मला उधन्याच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात न्यायचा. तिथले कायदे कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. समोरच्याला कोपऱ्यात दाबून नुसत्या खालच्या लाथा मारत राहणं — हा रडीचा डाव. लोक शिव्या घालायचे, पण चालवून घ्यायचे. शेवटच्या राक्षसाच्या वेळी डावीकडच्या खांबाला चिकटून उभं राहिलं की त्याचा एकही वार लागत नसे — ही मशीनचीच चूक. तिचा फायदा घ्यावा की नाही, यावर रोज भांडण. आणि दुसऱ्याच्या हाताला धक्का देणं, मशीनला लाथ मारणं — ती अंचई. अंचई करणाऱ्याला दुकानाबाहेर काढत.

रघुनाथ खांबामागे कधीच उभा राहिला नाही. मी राहायचो. तो हसायचा — "भाऊ, राक्षस आंधळा शे म्हनीसन तू जितना!"

एका दुपारी तो खांबाशिवाय शेवटपर्यंत गेला. सगळ्यांत वरचा आकडा. दुकानात गर्दी नव्हती. मालक बाहेर चहा पीत होते. पडद्यावर नाव मागितलं — इंग्रजी तीन अक्षरं. रघुनाथ शाळेची पायरीच चढलेला नव्हता. तो बाजूला सरकला. "मनं नाव टाक रे भाऊ."

मी टाकलं — माझं. डी, आय, एल.

का? इतकी वर्षं मी कारण शोधतो आहे. थट्टा होती म्हणू? थट्टा असती तर मी लगेच हसलो असतो ना? "टाकं का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "टाकलं." त्याने काचेवरून बोट फिरवलं आणि धावतच बाहेर गेला.

परत आला तो एका माणसाला घेऊन. रघुनाथचं लग्न जुळत होतं, आणि हा मुलीचा थोरला भाऊ — बारावी शिकलेला, शेजारच्याच लूमच्या गाळ्यात कामगारांवर देखरेख करणारा मास्तर. रघुनाथकडे त्याला दाखवण्यासारखं दुसरं काय होतं? न घर, न शेत. त्याने पडद्याकडे बोट केलं.

त्या माणसाने वाचलं. "हे तर दिलीप दिसतंय. दिलीप कोण?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हाही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो — "मी. तो डाव मीच खेळलो." आणि एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "रघुनाथला खांबाशिवाय जमत नाही."

रघुनाथने बोट खाली घेतलं. मग त्या माणसाला म्हणाला, "मले वाचता येत नही. मनीच चूक व्हयनी."

तो माणूस चिडला नाही. फक्त म्हणाला, "खेळण्यात खोटं बोलणारा संसारात काय करील?" महिन्याभरात मुलगी दुसरीकडे दिली. दुसरीही कारणं असतील, असं मी स्वतःला सांगत आलो. ते मला कधीच पटलं नाही.

मी याला कोणत्या खान्यात टाकू? रडीचा डाव? मशीनची चूक? अंचईसुद्धा नाही — अंचई खेळ चालू असताना होते. इथे खेळ संपला होता, तो जिंकला होता.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

त्याने मला कधी जाब विचारला नाही. त्या रात्रीही डबा घेऊन पाळीवर गेला, माझ्यासाठी खोली मोकळी ठेवून. आठवड्याने एक कोरी वही आणली आणि म्हणाला, "भाऊ, मनं नाव विंग्रजीत लिव्हाले शिकाड."

मी म्हणालो, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली. म्हणालो, निकाल लागू दे. निकालाच्या दिवशी त्याने गल्लीभर पेढे वाटले. वही तशीच कोरी होती. त्याच्यासमोर बसून ती अक्षरं गिरवण्याची माझी हिंमत नव्हती — आणि ते त्याला कळत होतं, असं मला वाटतं. दुसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. पुढच्या वर्षी तो भिवंडीला गेला. तिथल्या कारखान्याच्या इंग्रजी कागदावर त्याने अंगठा लावला, हे गावच्या माणसाने मला सांगितलं.

मी तेव्हा बँकेत लागलो होतो. दिवसभर लोकांना सही कुठे करायची ते दाखवत होतो.